मिक्सरचं भांडं आणि पलीकडची लाइन

“तिची लसणाची चटणी वाटू-वाटू माह्या मिक्सरचा गळा बसला, पोरी. पयले कसा गुरगुर करे. आता खोकलते.”

हे वाक्य मी सईदाच्या स्वयंपाकघराच्या पडद्याबाहेर उभी राहून ऐकलं, तेव्हा माझ्या हातात माझ्या मिक्सरचं भांडं होतं आणि भांड्यात लसूण, लाल मिरची आणि मीठ. त्यामुळे ‘तिची’ म्हणजे कोणाची, याबद्दल शंकेला जागाच नव्हती.

मी तशीच मागे फिरले. चपला हातात घेऊन. दुसऱ्याच्या घरून चपला हातात घेऊन निघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली, आणि बाहेर मे महिन्यातला अमरावतीचा डांबरी रस्ता होता. तो मी अनवाणी ओलांडला. अपमान काय असतो ते माणसाला तळपायापासून कळतं.

आता हे भांडं घेऊन मी तिच्या घरी का गेले होते, ते सांगते. त्या वर्षांत वऱ्हाडात शेतीचं जे चाललं होतं ते चाललंच होतं. दिल्ली-मुंबईहून पाहुणे येत, पॅकेज जाहीर होत, शेती कशी वाचवावी यावर सभा होत, आणि सभेच्या मधेच लाइट जाई. लोडशेडिंग म्हणजे आमच्याकडे सातवा ऋतू होता. पण वलगाव रोडला लागून असलेल्या आमच्या गल्लीवर देवाची एक मेहेरबानी होती. रस्त्याच्या अलीकडची रांग एका लाइनवर आणि पलीकडची दुसऱ्या लाइनवर. आमची गेली की त्यांची असे, त्यांची गेली की आमची. हे कोणी ठरवलं ठाऊक नाही. बहुतेक कोणीच नाही, म्हणूनच ते इतकं चांगलं चाललं होतं.

त्यातून गल्लीत एक रीत पडली. लाइट गेली की बाया घराला कडी लावत आणि रस्ता ओलांडून जात. कोणी इस्त्रीचे कपडे घेऊन जाई, कोणी मिक्सरचं भांडं. माझी शेजारीण गोदाबाई तर आपल्या सासऱ्यांना खुर्चीसकट पलीकडे पोचवी आणि लाइट आली की परत आणवी. कोणाच्या घरी जायचं हेही ठरलेलं होतं. माझं घर पलीकडे सईदाचं आणि तिचं अलीकडे माझं. आम्ही दोघींनी एकाच प्रदर्शनातून एकाच कंपनीचा मिक्सर घेतला होता, मुद्दाम, म्हणजे भांडी एकमेकींना बसतील. लग्नात पत्रिका जुळवतात, आम्ही मिक्सर जुळवले होते. तिच्या बैठकीत कूलरच्या अगदी समोर, भिंतीला टेकून, माझी एक जागा होती. तिथे गयासुद्दीनभाई, म्हणजे सईदाचे घरधनी, स्वतः कूलर दुरुस्त करणारे आणि कूलर स्वतः बनवलेला, तेही बसत नसत.

तर मला राग त्या गाऱ्हाण्याचा आला नाही. गाऱ्हाणं खरं होतं. मी चटणीत लसूण जरा सोलून न सोलून टाकते, मिक्सरला ते जड जातं. राग याचा आला, की ते तिनं दुसऱ्या कोणाला सांगितलं. सासूचं, दूधवाल्याचं, स्वतःच्या गुडघ्याचं, सईदाची सगळी गाऱ्हाणी मी या गल्लीत आले तेव्हापासून माझ्याकडे येत होती. मग माझ्याबद्दलचं गाऱ्हाणंही आधी माझ्याकडेच यायला हवं होतं, यात काय चुकीचं आहे?

ज्या पोरीला ते सांगितलं ती दीक्षा. उन्हाळ्याच्या तोंडाशी सईदाच्या वरच्या खोलीत भाड्यानं आली. पुण्यात शिकलेली, एका संस्थेत नोकरी. कपाशी बुडाली की घरातली माणसं एकमेकांवर तुटून पडतात, तर त्यांच्याशी जाऊन बोलायचं, हे तिचं काम. सकाळी जीपमधून भातकुलीकडे जाई, संध्याकाळी धुळीनं माखून येई. तिच्याजवळ रंगीत तक्ते होते. वर मोठ्या अक्षरांत ‘नातेसंबंधांतील संघर्षाचे प्रकार’, आणि खाली गरजांचा, मूल्यांचा, अधिकाराचा, माहितीअभावी होणारा असे एकेक. हे खेड्यातल्या बायांना कसं सांगायचं याची तालीम ती सईदाच्या बैठकीत करी.

“सईदाताई, अधिकाराचा संघर्ष कसा सांगू?”

“सांग का, कपाटाची किल्ली कोनाच्या कमरेले हाय.”

“आणि मूल्यांचा?”

“थे म्हंजे माही सासू अन् टीव्ही.”

दोघी हसत. मीही तिथेच बसलेली असे. मलाही प्रकार येत होते. शाळा सातवीत सुटली तरी पुढचं सगळं मी वाचनालयातून आणून वाचलं आहे, आणि भांडणांच्या बाबतीत तर माझा अनुभव पुस्तकांच्या वर आहे. एकदा मी घसा साफ करून म्हणालेही, “गरजांचा संघर्ष म्हणजे बघ दीक्षा, समजा...”

“काकू, जरा सरकता का? तक्ता झाकला जातोय.”

सईदा ताई आणि मी काकू! सईदा माझ्याहून एका दिवाळीनं मोठी आहे. आणि सरकायला सांगितलं ते माझ्या जागेवरून. मी सरकले. दुसऱ्या दिवशी गेले तर ती तिथे भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली, आणि सईदा मला ओठांवर बोट ठेवून ‘गप’ अशी खूण करत होती.

त्यानंतर ते मिक्सरचं ऐकलं.

घरी येऊन मी चटणी खलबत्त्यात कुटली. मिरची उडून डोळ्यांत गेली. आमचे हे ऑफिसातून आले ते दारातच थांबले.

“रडून राहिली का वो?”

“मिरची गेली डोळ्यांत,” मी म्हणाले. ती गेलीच होती, त्यामुळे हे खोटं नव्हतं. “आपण इन्व्हर्टर घेऊ.”

हे सरकारी कचेरीत बाबू आहेत, शेतीच्या बाजूचे. त्या काळात यांचं मुख्य काम पाहुण्यांना गुच्छ देणं आणि त्यांच्या चहात साखर किती ते लक्षात ठेवणं. घरी आल्यावर यांना फक्त शांतता लागे. “कायले इन्व्हर्टर?” हे म्हणाले. “समोर सईदाचं घर हाय ना.”

एवढं बोलले नसते तर मी कदाचित एखादा आठवडा विचार केला असता.

इन्व्हर्टर घ्यायचा म्हटल्यावर सल्ले आपोआप येतात, त्यांना बोलवावं लागत नाही. गोदाबाई म्हणाली, बॅटरीच्या वाफेनं दूध नासते, तिच्या नणंदेचं नासलं होतं. कोपऱ्यावरचे रिटायर पोस्टमास्तर म्हणाले, बॅटरी ईशान्येला ठेवू नका. आमच्या घरात ईशान्येला मोरी होती, त्यामुळे तो प्रश्न मिटला. सगळे मात्र शेवटी एकच म्हणत, “गयासुद्दीनभाईले इचारा, थो लावून देईन.” आता ज्या घरापासून स्वतंत्र व्हायचं, त्याच घरच्या माणसाला पाना घेऊन कसं बोलवायचं?

म्हणून मी अकोल्याच्या माझ्या भावाला, पिंटूला, फोन केला. पिंटूला प्रत्येक वस्तू ‘आतून’ मिळते. तो इन्व्हर्टर आणि बॅटरी घेऊन पॅसेंजरनं निघाला. मूर्तिजापूरला एक आजोबा चढले आणि पेटी समजून बॅटरीवर टेकले. बडनेरा येईस्तोवर झाकणातून पाझरलेल्या ॲसिडनं त्यांच्या धोतराची जाळी केली. डब्यातल्या लोकांनी एकमतानं न्याय केला आणि पिंटूची पँट आजोबांना दिली. अकोल्याहून पँटीत निघालेला माझा भाऊ आमच्या दारात टॉवेलवर उतरला, डोक्यावर बॅटरी. समोरच्या ओट्यावर सईदाची सासू गुलफामबी सुपारी कातरत होती.

“सत्यवती,” तिनं हाक मारली, “भाऊ भेटीले आला का आंघोळीले?”

इन्व्हर्टर लागला. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी दुकानदारानं पिंटूला आतूनसुद्धा सांगितली नव्हती. इन्व्हर्टर चार्ज व्हायलाही लाइट लागते. आमची लाइट इतका वेळ जाई की त्याचं पोट कधी भरतच नसे. एक पंखा थोडा वेळ फिरे, मग डबा चीं चीं ओरडू लागे. कूलर त्यावर चालत नव्हता. मिक्सर मी एकदा लावून पाहिला, तर घरभर जळक्या रबराचा वास सुटला आणि पंखाही बसला. तरी मी लाइट गेली की पुढचं दार सताड उघडून त्या पंख्याखाली बसे. पंख्याचं वारं कमी लागे, पण पलीकडून दिसे पूर्ण.

“सत्यवती,” गुलफामबीचा आवाज आलाच, “कोंबडीचं पिल्लू पाळलं का वो घरात? लय चिचावते.”

सईदा तिच्या दारात उभी होती. “चटनी नाई वाटाची का आज?” तिनं विचारलं.

मी उत्तर दिलं, “नको. आमच्याकडे आता इन्व्हर्टर आहे.”

वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण सईदाशी मी जन्मात ‘आहे’ म्हटलं नव्हतं. तिच्याशी मी ‘हाय’च बोलत आले. आमच्या वऱ्हाडात माणूस शिवी देईल, पण जवळच्या माणसाशी पुस्तकातली मराठी बोलणार नाही. तशी बोलला की समजायचं, मामला गंभीर आहे.

सईदाला ते बरोबर समजलं. तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि म्हणाली, “जी. मुबारक हो आपको.”

आपको! मला! मी दार लावून घेतलं आणि इन्व्हर्टरच्या आवाजात जराशी बसले.

त्यानंतर त्यांची लाइट जाई तेव्हा सईदा माझ्याकडे येईना. मी टरबूज कापून ठेवी, दोघींचं. मग एकटीच खाई, दोघींचं. पोट बिघडलं. ती तिकडे ओट्यावर हातपंख्यानं वारा घेत बसे, शेजारी दीक्षा. कशावर तरी हसत. माझ्या चटणीवर हसत असतील असं मला दर वेळी वाटे. एका चटणीवर माणसं किती दिवस हसू शकतात, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

मग मला दुसरी गोष्ट सुचली. इन्व्हर्टर चार्ज होत नाही, कारण आमची लाइन वाईट. तिकडची लाइन चांगली. आपण तिकडच्याच लाइनवर गेलो तर? मी वीज कचेरीत गेले. तिथल्या खिडकीतल्या माणसानं मला शेजारच्या खिडकीत पाठवलं, त्या खिडकीनं मागच्या दारात, मागच्या दारानं जेवणाच्या सुट्टीत. सुट्टीनंतर एक साहेब भेटले.

“बाई, एका घरासाठी लाइन बदलत नाही. पूर्ण रांग म्हणत असेल तर पाहता येईल.”

ते मला घालवण्यासाठी म्हणाले होते. पण त्यांना गोदाबाई ठाऊक नव्हती. मी घरी येऊन तिला एवढंच म्हणाले, की तिकडच्या लोकांना पहाटे लाइट असते, म्हणून त्यांच्या टाक्या भरलेल्या असतात.

“म्हून त्याइच्या कुंड्यातला मोगरा फुलते!” गोदाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत मला माझाच चेहरा दिसला.

झालं. इतकी वर्षं पलीकडे जाऊन त्यांच्या पंख्याखाली बसलेली आमची सगळी रांग एका संध्याकाळी पेटली. त्यांच्याकडे सिरियल पूर्ण दिसते. त्यांचा बर्फ जमतो. त्यांच्या मुलांना मार्क जास्त. पोस्टमास्तरांनी अर्ज लिहून दिला, सगळ्यांनी सह्या केल्या, पिंटूनंही केली, तो राहत अकोल्यात असून.

सरकारी काम झटकन झालं तर माणसानं घाबरायला हवं. त्याच आठवड्यात वलगावकडे कोणी मोठे पाहुणे कपाशी पाहायला येणार होते. त्यासाठी तारा ओढणारी सगळी माणसं आमच्या रस्त्यावर होती, यांच्या कचेरीतला चहा पीत होती, आणि यांनी चहा देता देता आमच्या अर्जाचा विषय काढला. घरी शांतता लाभावी एवढाच यांचा हेतू. माणसं शिडी लावून चढली, उतरली, निघूनही गेली. आमची रांग तिकडच्या लाइनवर आली. मी पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना लाइट गेली.

पहिले माझा पंखा थांबला; चांगली लाइन आली म्हणून इन्व्हर्टर मी कालच बंद करून ठेवला होता. मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. समोरच्या कूलरचा आवाज थांबला. तो आवाज आमच्या कानांत इतका मुरलेला, की थांबला तेव्हाच कळलं तो होता म्हणून. सगळी गल्ली मुकी झाली. आणि सवयीनं, आजवर जसं होत आलं तसं, दोन्ही रांगांची दारं उघडली, बायांनी कड्या लावल्या, आणि अलीकडच्या बाया पलीकडे व पलीकडच्या अलीकडे निघाल्या. हातात भांडी, कपडे. गोदाबाईच्या सासऱ्यांची खुर्ची उचललेली. रस्त्याच्या मधोमध आम्ही एकमेकींसमोर थांबलो. कोणाला पुढे जायला जागाच उरली नव्हती.

माझ्याही हातात मिक्सरचं भांडं होतं. मी ते घेऊन कुठे निघाले होते, हे मला कोणी विचारू नये.

“तिकडची लाइन चांगली, तिकडची लाइन चांगली,” गोदाबाईनं सासऱ्यांना खुर्चीसकट रस्त्यावरच टेकवलं. “घ्या आता चांगली. इकडंबी अंधार, तिकडंबी अंधार.”

“भाभी,” गयासुद्दीनभाई नरमाईनं म्हणाले, “साहेबाले सांगून वापस नाई का करता येत?”

“इचारलं मी,” आमचे हे दारातून म्हणाले. “म्हंते, आता पुढच्या उन्हाळ्यात पाहू.”

सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती. सईदा सोडून. ती माझ्या भांड्याकडे पाहत होती.

तेवढ्यात दीक्षाची जीप आली. गोदाबाईनं तिला धड खाली उतरूही दिलं नाही. “ये बाई, आन तुहा तक्ता. हे कोन्त्या प्रकारातलं व्हय, सांग.”

दीक्षानं आमच्याकडे पाहिलं. चेहरा धुळीनं राखाडी, डोळे लाल. तरी पोरीनं प्रयत्न केला. “हा... साधनांचा संघर्ष म्हणता येईल. वीज कमी आहे, माणसं जास्त.”

“लाइट व्हती तवा कोठी सरळ बोलत व्हत्या ह्या दोघी?” गुलफामबी ओट्यावरून म्हणाली.

“मग माहितीअभावी... सईदाताई, तुम्हाला नेमकं काय लागलं मनाला?”

“कुछ नहीं.”

“सत्यवतीकाकू, तुम्हाला?”

“मला कशाला काय लागेल?” मी पुस्तकातल्या मराठीत म्हणाले.

दीक्षा जीपमधून उतरली. गोदाबाईच्या सासऱ्यांच्या खुर्चीला टेकून ती तिथेच रस्त्यावर बसली आणि बसूनच राहिली. सईदानं घरातून माठातलं पाणी आणून तिच्या हातात दिलं. मग पुन्हा आत गेली, आणि धापा टाकत सासूचा पाटा-वरवंटा ओट्यावर आणून आदळला.

“आन इकडं थे भांडं,” ती कोणाकडेही न बघता म्हणाली.

मी गेले. तिनं मिरची-लसूण पाट्यावर ओतला आणि रगडायला लागली. मी समोर बसून पाण्याचे शिंतोडे देऊ लागले. हे काम दोघींनी मिळून करायचं असतं, त्यात बोलावं लागत नाही. गल्ली जिथल्या तिथे उभी होती. दुसरं कुठे जाणार?

“थ्या रोजी तू आल्ती,” सईदा हळूच म्हणाली. “पडद्यापाशी. मले मालूम हाय.”

“कसं?”

“लसनाचा वास आला ना तुह्या भांड्यातून. वाटलं, आत येईन, भांडन. तू आलीच नाई.”

मी पाणी जरा जास्त टाकलं.

“थे पोरगी खेड्यातून येते,” तिनं मानेनंच दीक्षाकडे दाखवलं, “तं तिच्या तोंडातून शब्द निघत नाई. काय पाहून येते थे सांगत नाई. रोज लोकाइले बोलतं करते अन् घरी येऊन अशी बसते. मंग मीच काईबाई बोलत रायते. त्या रोजी काईच सुचलं नाई, तं तुह्या चटनीचं काढलं. थे आयकून हासली ती. लय रोजानं.”

वरवंटा चालू होता. ‘मला काय माहीत,’ असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. ‘मग मला सांगायचं होतं,’ असंही म्हणता आलं असतं. गोदाबाई हातपंखा घेऊन पार जवळ येऊन उभी होती, पोस्टमास्तरांनी कानामागे हात धरला होता, आणि दीक्षा ग्लास तसाच धरून आमच्याकडे बघत होती. सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं. तक्त्यावर तेवढंच नव्हतं.

“सईदा,” मी म्हणाले, “ती पोरगी माह्या जाग्यावर बसली. तूनं माहं गाऱ्हानं तिले सांगितलं. मले पाहवलं नाई. मी जळली वो. बाकी काईच नाई. नुसती जळली.”

वरवंटा थांबला. गोदाबाईचा पंखासुद्धा थांबला.

“बस?” सईदा म्हणाली. “एवढं सांगाले तूनं आख्ख्या गल्लीची लाइट घालवली?”

मी मान हलवली.

तिनं हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले, कारण पंजाला मिरची होती. “अन् मी? माह्या घरी कूलर चालू राहे, लाइट राहे, अन् समोरून तुहा थो चीं चीं करनारा डबा आयकू आला का माह्या आंगाची आग होये. वाटे, झालं. आता इले माही गरज नाई उरली. पानी टाक.”